दावं

तळेघरहून पहाटे निघालेली साळुबाई दुपारी मतिमंदांच्या वसतिगृहात लेकासमोर बसली होती. भिका तिशीचा असला तरी समज लहान पोराची. दिवाळीनंतर तिनंच त्याला इथं ठेवला होता. "लई सुखात हाय तुमचा भिका, मावशी," मदतनीस म्हणाला. भिका तिनं आणलेली नाचणीची भाकरी मन लावून खात होता. तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मदतनिसांच्या जेवणाची घंटा झाली. भाकरी ठेवून भिका खाटेवर जाऊन बसला आणि जू दिसताच बैल मान देतो तसा त्यानं पाय पुढं केला. खाटेला दावं लोंबत होतं. "आज नाय रं, येड्या, आई आलीय!" मदतनीस कसनुसा हसला. "ऊठ, बाळा. घरी जायचंय," साळुबाई म्हणाली. भिका हलेना. तिनं खाली बसून त्याच्या घोट्याभोवती दोरी सोडवल्यासारखी बोटं फिरवली. तेव्हा कुठं तो उठला.