एका हाताचा स्वेटर

तिने विणलेल्या स्वेटरांना ‘सांजऊब’, ‘मऊमाया’ अशी नावं दिली होती. पण तिचं ऑनलाइन दुकान कुणालाच सापडत नव्हतं. “आई, असं कोण शोधणार?” लेक हसली. लोक शोधतात तरी काय? लेकीचं ऐकून तिने आपल्या सासऱ्यांपुढे फोन धरला. “बाबा, स्वेटर हवा असेल तर काय लिहाल?” अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. डाव्या बोटाने त्यांनी सावकाश लिहिलं: ‘एका हाताने घालता येणारा स्वेटर’. एकही सापडला नाही. “अहो बाबा, मी रोज घालून देते की!” ती म्हणाली. “म्हणूनच शोधतोय,” ते म्हणाले. तिने तसा स्वेटर विणला, लोहचुंबकाची बटणं लावली आणि दुकानात त्यांच्याच शब्दांत मांडला. आठवड्यात अनोळखी बाईचा निरोप आला: “आमच्या ह्यांना एकट्याने घालता येईल?” ती उत्तर लिहू लागली. “थांब,” सासरे डाव्या हाताने अंगातल्या स्वेटरचं बटण लावत म्हणाले, “मीच लिहितो.”