दाराबाहेरची हाक

पोलिसांच्या धास्तीनं वस्तीतली माणसं दवाखाना टाळून दुखणं अंगावर काढतात का, हे सर्व्हेवालीला मोजायचं होतं. तिच्या हातात पाच चेहऱ्यांचा तक्ता: हसरा म्हणजे पोलिसांवर पूर्ण विश्वास, रडका म्हणजे काडीचाही नाही. सकाळपासून तिनं दारं ठोठावली, पण प्रत्येकाचं बोट हसऱ्यावरच. शेवटच्या खोलीतल्या एकट्या म्हातारीचंही. "मावशी, मनातलं सांगा ना." "मनातलं ऐकायचं तर दार कशाला वाजवलंस? इथं आपली माणसं हाक मारतात. दार वाजवतात ते पोलीस. लेकाला घेऊन गेले, तेव्हापासून शेजारीही हाक मारत नाहीत." सर्व्हेवाली बाहेर पडली. आतून सवयीनं कडी लागली. या वेळी दार न वाजवता तिनं बाहेरून हाक मारली, "मावशी, आहात का घरात?" आत भांडं पडलं. कडी खडखडत निघाली. म्हातारीनं तक्ता ओढून घेतला, रडक्या चेहऱ्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "अजून एकदा हाक मार ना."