शेवटच्या भरण्यापासून तीन वर्षं

"फक्त इथं सही करा चाचा, आन् आज पाचशे द्या. मंग महिनाभर मी तोंड दाखवत नाही," म्हणत वसुलीवाल्या अभिषेकनं कागद पुढं सरकवला.

निजामुद्दीन विहिरीवरच्या पंपाच्या जळक्या मोटारीतून तांब्याची तार ओढत राहिला. घाटंजीत मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान वीस वर्षांचं. दोन हजार सातला बँकेचा एक टायवाला येऊन त्याला क्रेडिट कार्ड देऊन गेला होता. कार्ड फुकट, वर एक छत्री. त्या कार्डावर त्यानं एकतीस हजारांची तार उचलली. मग कापसाचा भाव पडला. आणि कापूस पडला की घाटंजीत न्हाव्यापासून हलवायापर्यंत सगळेच पडतात. लोकांनी मोटारी आणून टाकल्या, न्यायला कोणी फिरकलं नाही. कार्डाचा शेवटचा भरणा आठच्या दिवाळीत झाला. आता बाराची संक्रांत तोंडावर होती आणि एकतीसचे एक लाख बारा हजार झाले होते. कापूस असा वाढला असता तर अख्खा जिल्हा पलंगावर पडून जेवला असता.

पण निजामुद्दीन परवाच नंदकिशोर वकिलांना विचारून आला होता. वकील म्हणाले होते, "शेवटचा पैसा भरला त्याले तीन वर्षं होऊन गेले. आता कोर्टात त्याइचं काही चालत नाही. मागू दे, किती मागते ते. पण नव्या कागदावर सही देशील, तर गाडलेलं भूत तूच उकरून काढशील."

"सही नाही करत," निजामुद्दीन म्हणाला. "तुमचे तीन वर्षं दिवाळीतच भरले. जा कोर्टात."

अभिषेक हसला. "कोर्टात कोण जाऊन राह्यलं चाचा? मी मुजफ्फरसेठच्या दुकानात जातो. रविवारी त्याइच्या पोराशी तुमच्या मेहनाजची मंगनी हाय ना? मिठाईच्या आधी हे खबर देतो."

निजामुद्दीनचा हात थांबला. मुजफ्फरसेठ कापडाचे व्यापारी. नमाजाला पहिल्या रांगेत, कुर्त्याला कधी सुरकुती नाही. त्यांनी हुंडा मागितला नव्हता, एकच गोष्ट विचारली होती: "घरावर कर्जबिर्ज?" आणि निजामुद्दीननं डोळ्याची पापणी न हलवता "अल्लाचा करम हाय" म्हणून टाकलं होतं.

त्यानं पेन उचललं. एक सही, पाचशे रुपये, रविवार पार. पण रविवारनंतर निकाह होता. निकाहनंतर पोरीचं पहिलं बाळंतपण. हा माणूस प्रत्येक कार्याला न बोलावलेल्या फुफासारखा, आत्याच्या नवऱ्यासारखा, सगळ्यात आधी येऊन बसणार आणि सगळ्यात शेवटी उठणार.

त्यानं पेन अभिषेकच्याच खिशात खोचलं, हात पुसले आणि बाहेर जाऊन त्याच्या मोटारसायकलवर मागं बसला.

"कुठं चालले चाचा?" अभिषेक धावत बाहेर आला.

"मुजफ्फरभाईकडं. तुम्ही सांगाच्या आधी मीच सांगतो. पेट्रोल तुमचं."

कापडाच्या दुकानात निजामुद्दीन बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: कार्ड, तार, तीन वर्षं, आणि ती एक थाप. अभिषेकनं व्याजाचा आकडा आवर्जून जोडला. मुजफ्फरसेठांचा चेहरा उतरला. समोरच्या दोन बायकांना त्यांनी "उद्या या" म्हणून वाटेला लावलं, उठून शटर अर्धं ओढलं. निजामुद्दीननं मनातल्या मनात मंगनी मोडली. घरी जाऊन मेहनाजला काय सांगायचं, त्याची जुळवाजुळवही सुरू केली.

मुजफ्फरसेठ गादीवर परत बसले. गादीचा कोपरा उचलून त्यांनी बँकेच्या शिक्क्याचं एक चुरगळलेलं पाकीट काढलं आणि अभिषेकसमोर ठेवलं.

"निजामभाई, हे तुम्हाले कसं सांगू म्हणून मी तीन रात्री झोपलो नाही," ते हळू आवाजात म्हणाले. मग अभिषेककडं वळले.

"आता आलेच हा, त पाहून सांगा साहेब. माझे तीन वर्षं कधी भरते?"