दारूच दिसली

व्यसनमुक्ती केंद्रातून तिसऱ्यांदा परतूनही सौरव प्यायला लागला, तेव्हा शोभाताईंनी लेकाला नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे आणलं. "पिण्याआधीचे दिवस कसे असतात?" डॉक्टरांनी विचारलं. "एकदम मस्त," सौरव म्हणाला. "चार-चार दिवस झोप नाही, तरी थकत नाही. डोकं पळतच राहते. ते थांबवाले पितो. मंग महिनाभर अंथरुणातून उठवत नाही, तेव्हाही पितो." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: बायपोलर. "गोळ्यांनी आटोक्यात राहतो. घरात आणखी कुणाला?" शोभाताईंना नवरा आठवला, त्या सांगू लागल्या. सावनेरला त्यानं तीन दिवस न झोपता अख्ख्या वावरातलं तण एकट्यानं निंदलं, तेव्हा गावानं कौतुक केलं. नंतर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, पिऊ लागला. शोभाताईंनीच त्याला घराबाहेर काढलं. तो बसस्टँडवर मेला. "आई, बाबाले काहून नाही आणलं वं इथं?" सौरवनं विचारलं. "आजार कोणाले दिसला? मले दारूच दिसली."