समजूतदार मुलगी

केर काढण्याआधी शेवंताबाईंनी पिशवीतून रंगपेटी काढून माझ्या ओट्यावर ठेवली. "वहिनी, ही ठेवून घ्या. माझ्या पोरीला नको."

"अहो, आमच्या ईराने मनापासून दिलीय. दहावीत गेल्यापासून फार समजूतदार झालीय ती." त्याच आठवड्यात तिने सायकल मामेभावाला दिली होती आणि आवडता स्वेटर शेजारच्या मुलीला. हे कौतुक माझं अख्ख्या सोसायटीला सांगून झालं होतं.

"माझ्या भावानंबी असंच सगळं वाटलं होतं, वहिनी. आम्हीबी कौतुकच केलं. पंधरा दिवसांनी त्यानं जीव दिला."

मी तशीच आतल्या खोलीत गेले. ईरा भिंतीकडे तोंड करून पडली होती. एरवी मी अभ्यासाचं विचारलं असतं. आज तिच्या अरुंद कॉटवर शेजारी आडवी झाले. "सगळं का वाटून टाकतेयस, बाळा?"

भिंतीकडेच बघत ती म्हणाली, "मला लागणार नाही म्हणून."

"असं कधीपासून वाटतंय?"

"दिवाळीपासून." आणि ती हुंदके देऊन रडली. लेकीच्या रडण्याने कधी हायसं वाटेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. तिला धरूनच मी मनाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुपारीच बोलावलं.

"क्लास आहे," ईरा पुटपुटली.

"बुडू दे."

हे मी बोलले, याचं तिला माझ्याइतकंच आश्चर्य वाटलं असावं. नाक ओढत ती म्हणाली, "आई, तू माझ्या केसांवर झोपलीयस."

किती महिन्यांनी तिची कुरकुर ऐकली. मी केस सोडवले, पण उठले मात्र नाही.