वाळक्या फांदीवरचा गरुड

"दिसला का?" प्रियदर्शिनीने कुजबुजत विचारलं.

धम्मानंदने दुर्बीण डोळ्यांना घट्ट लावली. जलाशयाच्या पाण्यात एक वाळकं झाड उभं होतं. त्याच्या डावीकडच्या फांदीवर मत्स्यगरुड बसलाय, असं ती म्हणत होती. त्याला फांदी दिसत होती. गरुड काही दिसेना.

हा खरं तर मुलगी बघण्याचा कार्यक्रम. पण इथे परदेशात, वन-नॉर्थच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या या मुलीने हॉटेलातल्या कॉफीला नकार दिला आणि ऑगस्टअखेरच्या रविवारी, उजाडता उजाडता, त्याला लोअर पिअर्स जलाशयावर पक्षी बघायला बोलावलं. तिकडे नागपुरात दोघांच्याही आयांनी कपाळावर हात मारला. चिमणी-कावळ्याच्या पुढे धम्मानंदची मजल नव्हती. तरी तो बुकित बातोकच्या आपल्या घरून टॅक्सी करून वेळेवर हजर झाला.

"जय भीम" झाल्यावर तिने आपली एकुलती एक दुर्बीण त्याच्याच गळ्यात घातली. काठावरच्या दगडावर एक छोटा तुतवार शेपटी वरखाली करत होता. थेट उत्तरेच्या थंड देशांतून आलाय, कालपरवाच, असं तिने सांगितलं. "आमचे मॅनेजर मीटिंगमध्ये अशीच मान हलवतात," धम्मानंद म्हणाला. ती मोकळी हसली. त्या हसण्यापाशीच तो अडकला. ही मुलगी आपल्याला हवी, हे त्याला तिथेच कळलं.

म्हणूनच तर आता पंचाईत झाली होती. रात्री फोनवर आईने, प्रेमलाताईंनी, बजावून सांगितलं होतं, "ती म्हणन त्याले हो म्हणजो. तुह्या खरेपणापायी दोन स्थळं गेली." आईचं चूक नव्हतं. पहिल्या मुलीचं गाणं त्याने बेसूर ठरवलं होतं. दुसरीच्या वडिलांना, कुणी विचारलेलं नसताना, आपला पीआरचा, म्हणजे इथल्या कायमच्या वास्तव्याचा, अर्ज एकदा फेटाळला गेल्याचं सांगून टाकलं होतं.

"दिसला?" प्रियदर्शिनीने पुन्हा विचारलं. "अगदी समोरच तर आहे."

हो म्हणायला काय जातं? शब्द जिभेवर आलाही होता. त्याने पुन्हा एकदा फांदी शेंड्यापासून बुंध्यापर्यंत तपासली. आज न दिसलेला गरुड दिसला म्हटलं, तर तो जन्मभर बघत बसावं लागेल. त्याने दुर्बीण खाली घेतली.

"नाही," तो म्हणाला. "मला नुसती फांदीच दिसतेय."

 प्रियदर्शिनीने दुर्बीण परत घेतली आणि ती पिशवीत ठेवली. झालं, तिसरंही गेलं. धम्मानंदला मनापासून वाईट वाटलं. या वेळी आईला काय सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करू लागला.

तोवर ती बाकावर बसली होती. थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिने त्याच्यापुढे धरला.

"पुढच्या रविवारी मोकळे आहात?"

धम्मानंद बघतच राहिला. "पण मला तर गरुड दिसलाच नाही."

"तिथे गरुड नाहीच आहे," ती म्हणाली. "तुमच्या आधी आलेल्या तिघांना मात्र दिसला होता. एकाला तर त्याच्या चोचीतला मासासुद्धा."