दुरुस्त केलेलं रडू

कानातलं बटण अंगाच्या उबेवर चालायचं आणि पृथ्वीवरून चंद्रतळावर येताना तुटलेला आवाज अंदाजाने भरून काढायचं. त्यातून तळावरच्या शर्वाणीला घरी राहिलेली तिची आठ महिन्यांची लेक कावेरी रोज खिदळताना ऐकू यायची. आज नवऱ्याने कळवलं, पोरीला ताप आहे. बटणात मात्र खिदळणंच. तिने तंत्रज्ञाला गाठलं.

"रडणं उलगडायला वीज फार जाते, मॅडम," तंत्रज्ञ खानविलकर ऐटीत म्हणाला. "म्हणून बटणातला डीकोडर ते आवाजातली चूक समजून त्याचं हसू करतो."

"मूल कधी सांभाळलंय का हो? की तेही अंदाजानेच?"

तिने बटण काढून त्याच्या चहात टाकलं आणि आवाज दुरुस्त न करणारा जुना स्पीकर लावला. खरखरीतून कावेरीचं रडणं आलं. शर्वाणीने स्पीकर छातीशी धरला आणि त्यालाच थोपटू लागली.